दाजी कमीच सांगायचे

माझे दाजी हंबीरराव यांना ताटावर बसवून भाजी कशी झालीय म्हणून विचारलं, तर ते म्हणतात, "खाण्यासारखी हाय." माझ्या बहिणीनं, मंगलनं, एवढ्या कौतुकावर आख्खा संसार रेटला. मी तिच्या जागी असतो तर पुढचं ताट उचलून घेतलं असतं.

दाजी विट्याकडचे. तिकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत, तसे दाजीही ऐन तारुण्यात केरळात पालक्काडला गेले. सराफाकडून जुनंपानं तुटकं सोनं घ्यायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबात शुद्ध करायचं आणि चोख करून परत द्यायचं, हे त्यांचं काम. या कामात त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली एक रीत आहे. सोनं किती शुद्ध निघेल असं सराफानं विचारलं, की नजरेला दिसतं त्यापेक्षा कमीच सांगायचं. वितळल्यावर जास्त निघालं तर गिऱ्हाईक हसत जातं. जास्त सांगून कमी निघालं तर परक्या मुलखात त्या दुकानाची पायरी पुन्हा कुणी चढत नाही. रीत चांगली आहे. माझी तक्रार एवढीच, की दाजींनी ती सोन्यापुरती ठेवली नाही.

मंगलला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, "धंदा कसा काय?"

"चाललाय जेमतेम."

"घरदार?"

"हाय आपलं, डोकं टेकण्यापुरतं."

वडिलांनी स्थळ मोडायचंच ठरवलं होतं. आमचा एक चुलता सहज चौकशीला म्हणून गेला, तर दुमजली घर आणि दारात ट्रॅक्टर. आमच्याकडे सोयरीक ठरवताना लोक शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून दारात उभा करतात आणि हे गृहस्थ स्वतःचा लपवत होते. लग्न झालं ते त्या चुलत्यामुळं.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रियदर्शनी. आम्ही तिला दर्शनीच म्हणतो, ती बापाला आण्णा म्हणते. ती पालक्काडला इंग्रजी शाळेत शिकली. दाजींना मल्याळम येतं, हिंदी येतं, इंग्रजी मात्र अजिबात नाही. त्यामुळं बँकेतलं काम असो की कुरिअरवाल्याशी भांडण, पोर शाळेतून आली की दप्तर ठेवून तेच करायची. पुढं दाजींच्या आईचं दुखणं निघालं, तशी मंगल पोरीला घेऊन विट्याला आली आणि दर्शनीची दहावी-बारावी तिथंच झाली. दहावीत ती शाळेत पहिली आली तेव्हा दाजींनी फोनवर मला सांगितलं होतं, "झाली एकदाची पास."

बाप तशी पोर. कुणी काही विचारलं की आधी खाली बघायचं आणि "थोडंफार येतं" म्हणायचं, ही सवय तिलाही लागली. पण नर्स व्हायचं हे तिनं मनाशी घट्ट धरलं होतं. दुकानात तेजाब सांडून दाजींचा उजवा हात भाजला, तेव्हापासून तिचं दुसरं काही ठरलंच नाही. सांगलीतल्या एका नर्सिंग कॉलेजात तिला प्रवेश मिळाला आणि ती माधवनगरला माझ्याकडं राहायला आली. मी सांगलीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. दिवसभर माईकवर ओरडायचं काम असल्यामुळं कमी बोलणाऱ्यांचा मला तसाही राग येतो.

कॉलेज सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळी स्टँडवर तिच्याच वर्गातल्या मुली कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात दिसल्या. दर्शनी त्यांच्यामागून साध्या पंजाबी ड्रेसवर चालली होती. मी तिला केबिनकडं बोलावलं.

"गणवेश कुठाय?"

"मला नाही मिळाला, मामा. त्या वॉर्डात चालल्यात. मला पूर्वतयारीत टाकलंय."

पूर्वतयारी म्हणजे काय, ते तिथंच उभ्या-उभ्या कळलं. कॉलेजात आल्या-आल्या प्रत्येकीची इंग्रजीची चाचणी होते. अर्धं पान लिहायचं आणि बाईंसमोर बसून बोलायचं. जिचं इंग्रजी कच्चं, तिला पूर्वतयारी वर्गात घालतात. त्या वर्गाला वॉर्ड नाही. आधी इंग्रजी पक्कं करायचं आणि वॉर्डात जायचं ते पुढच्या वर्षीच्या मुलींबरोबर. सरळसरळ एक वर्ष मागं.

"पण तुला येतंय की इंग्रजी."

ती खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडमनी विचारलं, इंग्रजी कितपत येतं? मी म्हणलं, जेमतेम."

"आणि लिहिलंस काय?"

"चार ओळी. आण्णा म्हणाले होते, पहिल्या दिवशी कमीच दाखव, मग काम आपोआप दिसतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आदल्याच आठवड्यात केरळकडचं एक कुटुंब स्टँडवर अडकलं होतं. त्यांच्याशी मल्याळममध्ये आणि त्यांच्या मुंबईतल्या साहेबाशी फोनवर इंग्रजीत ही पोर इतकं घडाघडा बोलली होती, की माझे दोन कंडक्टर तिकिटं फाडायचं विसरून बघत राहिले होते. आणि तीच पोर ए-बी-सी-डी गिरवणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसली होती. मी माझ्या जोडीच्या कुलकर्ण्याला माईकवर बसवलं आणि तडक कॉलेज गाठलं.

इंग्रजीच्या शिवांजली मॅडम वयानं लहान, पण बोलायला सरळ. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं खरं असेल," त्या म्हणाल्या, "पण तिनं स्वतः जे सांगितलं आणि लिहिलं, त्यावरच मी गट ठरवला. डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलेली सूचना नर्सला कळली नाही तर पेशंटच्या जिवावर बेततं. म्हणून नियम कडक आहे."

"मग आता?"

"गट बदलता येतो, पण एकदाच. शनिवारी शेवटची तारीख. प्राचार्य आणि मी मिळून मुलाखत घेतो. आणि एक लक्षात ठेवा. मुख्य गटात गेली आणि सहामाहीला इंग्रजीत नापास झाली, तर परत पूर्वतयारीत येता येत नाही. जागाच जाते. म्हणून प्रवेशाच्या वेळी ज्या पालकांनी सही केली, त्यांनी समोर येऊन जबाबदारी घ्यावी लागते."

"मामा चालतो का?"

"सही वडिलांची आहे."

सगळ्या जगात ज्या माणसाला पोरीबद्दल चांगलं बोलता येत नाही, नेमकं त्याच माणसाला ते बोलायला बोलवायचं होतं.

मी दाजींना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडं भट्टीचा आवाज येत होता.

"बघू," दाजी म्हणाले. "गाडी मिळाली तर येतो."

"दाजी, बघू न्हाई. यायचंच हाय."

"व्हय. बघू."

शुक्रवारी त्यांचा फोन लागेना. मंगलला विचारलं तर ती म्हणाली, "निघालो असं कवा सांगितलंय त्यांनी, आज सांगत्याल?" दर्शनी घरात भांडी घासत होती, घासलेली पुन्हा घासत होती. तिची मामी तिला उठ म्हणाली तरी उठेना.

शनिवारी कॉलेजचं ऑफिस दुपारी बंद होणार होतं. मी कामावर होतो, पण दाजी रेल्वेनं मिरजेलाच उतरणार म्हणून लक्ष सगळं मिरजेकडून येणाऱ्या गाड्यांकडं. प्रत्येक गाडीतून माणसं उतरायची आणि दाजी नसायचे. तासगावची गाडी मी इस्लामपूरच्या फलाटावर पुकारली. लोक माझ्यावर खेकसले, ते बरोबरच होतं. दर्शनी केबिनच्या बाहेर बाकावर बसली होती. ती घड्याळाकडं बघत नव्हती, ओठ मुडपून नुसती जमिनीकडं बघत होती.

ऊन चढल्यावर मिरजेच्या एका गाडीतून दाजी उतरले. अंगात सुरकुतलेला शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, डोळे तांबारलेले. आरक्षण नसलेल्या डब्यातून, गाड्या बदलत, बहुतेक उभ्यानंच आले असावेत.

"लय तरास झाला का, दाजी?"

"न्हाई. आलो निवांत."

माईक कुलकर्ण्याकडं देऊन आम्ही निघालो आणि रिक्षात मी त्यांच्या कानाशी लागलो. "आवं दाजी, आज तेवढं पोरीचं कमी सांगू नका. तुमच्या पाया पडतो. साहेबानं विचारलं, जमंल का, तर म्हणायचं, जमंल. एवढंच."

"मला इंग्रजी कळत न्हाई, आप्पासो. कळत न्हाई त्याची हमी कशी घ्यायची?"

दर्शनी रस्त्याकडं बघत होती. तिनं ऐकलं होतं.

प्राचार्य विश्वजीत सर टेबलापलीकडं बसले होते, शेजारी शिवांजली मॅडम. मला आत यायची गरज नव्हती, पण मी दाराशी उभा राहिलो आणि मला कुणी हाकललं नाही. मॅडमनी दर्शनीला एक उतारा वाचायला दिला. तिनं तो न अडखळता वाचला. मग प्राचार्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारायला सुरुवात केली. माझं इंग्रजी बसच्या पाट्यांपुरतं, तरी एवढं दिसत होतं की पोर प्रत्येक उत्तराआधी बापाकडं बघतेय आणि दोन-चार शब्दांत संपवतेय. आवाज कसाबसा टेबलापर्यंत पोचत होता. मला तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटत होता.

प्राचार्यांनी चष्मा काढला. "वाचन चांगलं आहे. पण बोलायला कचरते. वॉर्डात असं चालत नाही." ते दाजींकडं वळले. "पुढं नापास झाली तर जागा जाईल, हे मॅडमनी सांगितलंय ना? तुम्हाला काय वाटतं, हिला झेपेल?"

दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी दाराची कडी घट्ट धरली.

"परयत्न करंल, साहेब," दाजी म्हणाले.

संपलं. प्राचार्यांनी मान हलवली आणि समोरचा कागद बाजूला सरकवला. "मग यंदा पूर्वतयारीतच राहू दे. घाई नको. पाया पक्का होईल."

दर्शनी रडली नाही. तिनं "थँक यू सर" म्हटलं, उठली आणि ओढणी सारखी केली. आतापर्यंत दर वेळी बापाकडं बघणारी ती पोर आता त्याच्याकडं न बघता दाराकडं यायला लागली. ते दाजींच्याही ध्यानात आलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. एवढ्या वर्षांत मी तो तसा कधी बघितला नव्हता.

"थांबा, साहेब."

दाजी उभे राहिले होते. भाजलेला हात त्यांनी टेबलावर ठेवला. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी आवळून चकचकीत झालेली होती. ते बोलायला लागले, पण प्राचार्यांकडं न बघता त्या हाताकडं बघत.

"ह्यो हात भाजला तवा ही बारा वर्साची हुती. दवाखान्यात डॉक्टरनं मला इचारलं, किती दुखतंय? मी म्हनलं, थोडं. काम हुतं, मला लवकर सुटायचं हुतं. ते मलम लावून सोडणारच हुतं. तवा ही मधीच इंग्रजीत बोलाय लागली. लय येळ बोलली. मला वाटलं, शाळंतलं कायतरी सांगतीया. मग त्यांनी मला धरून ठेवलं, हातावर चाकू लावला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं मला मल्याळममध्ये सांगितलं. म्हणाला, तुमची पोर म्हणत हुती, माझा बाप खोटं बोलतोय, त्याला बोटं हालवता येत न्हाईत, त्यो भिंतीला तोंड करून रडतोय, मी बघितलंय. मला कळू नये म्हणून ती इंग्रजीत बोलली."

दर्शनी दाराजवळ माझ्यासमोर उभी होती. तिच्या तोंडावरून कळत होतं, की बापाला हे माहीत आहे हे तिला आज पहिल्यांदा समजतंय.

"ती बोलली म्हणून बोटं ऱ्हायली," दाजी म्हणाले. "मी जलमभर सगळ्याचं कमीच सांगत आलो, साहेब. आज न्हाई सांगत. माझ्या पोरीला इंग्रजी येतं. चांगलं येतं. जागा गेली तर माझी जबाबदारी. कुठं सही करू?"

शिवांजली मॅडमनी दर्शनीला परत बसायला सांगितलं. इंग्रजीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. त्या दिवशी डॉक्टरांना तू नेमकं काय सांगितलंस, असं काहीतरी तो होता. पोरीनं बोलायला सुरुवात केली. बापाकडं न बघता, प्राचार्यांच्या डोळ्यात बघून, हातवारे करत. मधे तिचा आवाज फुटला, तरी ती थांबली नाही. मला त्यातला निम्मासुद्धा शब्द कळला नाही, पण प्राचार्यांनी बाजूला सारलेला कागद परत पुढं ओढला, तो मी बघितला. दाजींनी डाव्या हातानं सही केली.

सही झाल्यावर प्राचार्य म्हणाले, "सोमवारी गणवेश घालून ये. आणि सहामाहीला मला तोंडावर पाडू नको." दर्शनीनं मान डोलावली. भीती होतीच तिच्या डोळ्यात, ती काही गेली नव्हती.

बाहेर पडून आम्ही स्टँडवर आलो, मी कुलकर्ण्याकडून माईक परत घेतला आणि केबिनमध्येच चहा मागवला. दाजींची परतीची गाडी संध्याकाळची होती. दुकान बंद ठेवून आले होते, राहायला तयार नव्हते. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होतो. दाजींनी डाव्या हातानं ग्लास उचलला, तसा दर्शनीनं त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट हळूहळू वाकवून बघितलं.

"आण्णा, अजून दुखतो का?"

मला उत्तर ठाऊक होतं. इतकी वर्षं मंगल विचारतेय आणि इतकी वर्षं ते "काय न्हाई" म्हणत आलेत. दाजींनी तोंड उघडलं, पोरीकडं बघितलं आणि थांबले.

"दुखतो," ते म्हणाले. "थंडीत लय दुखतो. मूठच वळत न्हाई."

दर्शनीनं तो हात सोडला नाही. मिरजेची गाडी फलाटाला लागली होती, ती पुकारायची मीच विसरलो.