बाबांच्या खुर्चीकडे बघणारा टेरियर

आपल्या घरात काहीतरी आहे, असं मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो तेव्हा बायको कढीला फोडणी देत होती. ती म्हणाली, "अहो, असू दे. निदान ते तरी शांत बसतं."

बायको नाशिकची. रायपूरला येऊन इतकी वर्षं झाली तरी पुरानी बस्तीतल्या आमच्या घराकडे ती पाहुणीच्या नजरेने बघते, आणि माझ्याकडे डॉक्टरच्या.

माझ्याकडे पुरावा होता. पुराव्याला चार पाय होते आणि दाढी होती. आमचा कुत्रा वायर फॉक्स टेरियर जातीचा. लांबट चौकोनी तोंड, नारळाच्या काथ्यासारखे राठ केस, भुवया अशा की समोरच्याला गृहपाठ विचारेल. फोटो बघून मला वाटलं होतं, गंभीर स्वभावाचं जनावर आहे, पायाशी बसून राहील. ही माझी पहिली चूक. इंग्लंडात ही जात घडवली ती कोल्ह्याच्या बिळात घुसण्यासाठी. अंधारात, एकट्याने, धन्याचा आवाज पोचत नाही अशा ठिकाणी जाऊन दात दाखवायचे, हा तिचा खानदानी धंदा. रंग मुख्यतः पांढरा ठेवला, तोही गडबडीत कुत्रा कोल्हा समजून मारला जाऊ नये म्हणून. असल्या जिवाला मी सोफ्यावर बसवायला आणलं होतं. त्याने पहिल्याच आठवड्यात सोफ्यातच बीळ केलं.

आणला होता गुढियारीतल्या एका धान्यवाल्याकडून. गोदामातल्या उंदरांसाठी त्याने या जातीची जोडी पाळली होती. पिल्लाच्या आईचा एक डोळा भिजलेल्या साबुदाण्यासारखा पांढरा होता. मी विचारलं तर शेठ म्हणाला, "बिल्ली ने पंजा मारा था, भैया. शेरनी है." मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, वीरमातेचं पिल्लू आणलंय.

पहिल्या उन्हाळ्यात कुत्र्याला गरम होत असेल म्हणून मी मशीन फिरवून त्याचे सगळे केस काढून आणले. बाबा तेव्हा होते. कूलरशेजारच्या आपल्या वेताच्या खुर्चीतून त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "याची मुंज करून आणली का बे?" केस परत आले ते कापसासारखे, मऊ आणि मळके. या जातीचे केस कापायचे नसतात, मेलेले केस चिमटीने उपटायचे असतात, हे नंतर कळलं. ते काम आईने घेतलं. दुपारी परातीत तांदूळ निवडावे तसा ती कुत्रा निवडायची. त्यालाही ते आवडायचं. बाबा वरून सूचना द्यायचे आणि आई त्यांना ऐकू येईल असं पुटपुटायची.

बाबा गेले. वर्षश्राद्ध आटोपलं. आणि त्या पावसाळ्याच्या शेवटी कुत्रा खुर्चीकडे बघायला लागला.

दिवेलागणीच्या थोडं आधी तो येऊन खुर्चीसमोर उभा राहायचा. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. हा कुत्रा पोस्टमन, पतंग, प्रेशर कुकर कशालाही सोडत नसे, पण तिथे आला की फोटोत असल्यासारखा थांबायचा. फक्त शेपटीचं टोक हलायचं. मान किंचित तिरकी. बाबा बोलत तेव्हा तो अशीच मान करायचा. मग ती मान हळूहळू वळायची, खुर्चीपासून दाराकडे. घाई नाही. उठून चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या चालीने. मध्ये स्विचबोर्डापाशी एक थांबा. बाबा तिथेच थांबून पंख्याचं बटन बंद करायचे, खोलीत दुसरं कोणी बसलेलं असलं तरी.

एकदा मी जमिनीवर बसून त्याचं तोंड जवळून पाहिलं. उजव्या डोळ्याच्या आत हिरवट काहीतरी पेटलं, हललं आणि विझलं. विहिरीच्या तळाचं पाणी हलतं तसं. मी उठलो आणि देवघरातला दिवा लवकर लावला.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. तिने स्वतःच बघितलं होतं. एके संध्याकाळी पाहतो तर खुर्चीशेजारच्या स्टुलावर चहाचा कप.

"हे काहून ठेवलं?" मी विचारलं.

"थंडा होऊ दे. त्याहिले गरम चालत नाही," ती खुर्चीकडे बघत म्हणाली.

शेजारची दीदी दारात उभी होती. तिनेही कुत्र्याकडे पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "हव काकी, कुकुर मन ला सब दिखथे." कुत्र्यांना सगळं दिसतं म्हणे. झालं. रात्रीपर्यंत अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बातमी.

मी विज्ञानाचा पदवीधर. म्हणून मी प्रयोग केला. खुर्ची उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली. संध्याकाळी कुत्रा आला आणि रिकाम्या जागेसमोर उभा राहिला. मान तिरकी, शेपटी हलतेय. तिथे आता फक्त फरशी होती आणि भिंतीवर खुर्चीच्या पाठीने पडलेला जुना डाग.

आई मागून म्हणाली, "त्याहिनं आता बसावं कुठी?"

मी ती खुर्ची परत आणली आणि ठेवताना, कसं कोण जाणे, "बसा बाबा," म्हणालो. बायकोने ते ऐकलं. अजून ऐकवते.

मग पितृपक्ष आला. बाबांच्या तिथीला दुपारी पानं वाढली. गच्चीवर कावळ्याचं, गाईसाठी एक, आणि एक पान कुत्र्याचं. आजवर ते गल्लीतल्या कुत्र्याला जायचं. या वेळी आई म्हणाली, घरचा असताना बाहेरचा कशाला? तिने अंगणात पान ठेवलं. भात, वडे, खीर. कुत्र्याला हाक मारली.

तो धावत आला, पानाच्या बाजूने गेला आणि पुढे जाऊन थांबला. नाक खाली, परत मागे आला. पानाला पाय लागला, खीर सांडली. ती त्याने चाटली नाही. तोंड वर करून उघड्या दारातून खुर्चीच्या दिशेने बघत उभा राहिला.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाह्य रे. पहिले त्याहिले देऊन राहिला. स्वतः नाही खात."

मी हात जोडले. खरंच जोडले.

बायको मात्र पानापाशी वाकली होती. तिने एक वडा उचलून कुत्र्याच्या उजव्या बाजूने नाकाजवळून नेला. काही नाही. डावीकडून नेला, तेव्हा त्याने उशिरा, चुकीच्या जागी तोंड मारलं.

"अहो," ती म्हणाली, आणि या वेळी आवाजात टोमणा नव्हता, "हा देत नाहीये. याला पान दिसत नाहीये."

तासाभरात आम्ही जनावरांच्या डॉक्टरकडे होतो. कपाळावर श्राद्धाचं गंध तसंच. डॉक्टरने खोलीतला दिवा मालवून कुत्र्याच्या डोळ्यांत बारीक टॉर्च धरला आणि एकेक डोळा निरखून पाहिला.

"भैया, ये कब से है?"

"बाबांना बघतोय तेव्हापासून," असं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी "महिनाभर" म्हणालो.

त्याने समजावलं. डोळ्यातलं भिंग बारीक तंतूंनी बांधलेलं असतं. या जातीत काही कुत्र्यांचे ते तंतू ऐन उमेदीत कुजतात. दोष रक्तातून येतो. भिंग सुटतं, आत डुलतं, उजेड त्याच्याबरोबर हलतो. पुढे घसरलं की डोळ्यात दाब चढतो आणि डोळा जातो. आई-बापापैकी कोणाला होतं का? मला तो भिजलेला साबुदाणा आठवला. मांजर बिचारी निर्दोष होती.

"दर्द तो बहुत हुआ होगा," डॉक्टर म्हणाला. "मगर टेरियर है. ये बताते नहीं."

उजवा डोळा गेलाच होता, आता दुखणं थांबवायचं तर काढावा लागणार होता. डाव्यातलं भिंगही सुटत आलं होतं. कधीही पुढे येईल. त्याआधी ते काढलं तर धूसर का होईना, दिसत राहील. ऑपरेशन नागपूरला होईल. आज निघा, म्हणाला.

घरी आलो तर आई अंगणात तशीच बसलेली. मी सगळं सांगितलं. तिने कुत्र्याला मांडीवर ओढलं.

"आज? त्याहिच्या तिथीले?"

"आई, हा आंधळा होईल."

"अन् भिंग काढून टाकते म्हणते. ज्याच्यातून दिसते तेच काढून टाकन?" तिने कुत्र्याच्या भुवयांतला एक मेलेला केस चिमटीने उपटला. "मंग तुह्या बाबाले पाहीन कोण?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर गरज नसताना थापा मारत आलोय. इथे गरज होती आणि मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. कुत्र्याने डोकं आईच्या पोटात खुपसलं, उजवी बाजू दाबून धरली. आईचा हात थांबला. तिला जाणवलं असावं, तो लाडात आलेला नव्हता.

"लई दुखते का रे याले?" तिने विचारलं.

"हो."

तिने त्याला उचलून माझ्या हातात दिलं. "चाल. मीबी येतो. मांगं बसतो त्याले घेऊन."

दुपारची कढी तशीच टाकून आम्ही निघालो.

डावा डोळा वाचला. आता कुत्रा दाराशी आलेली गाय आणि मी यांत फरक करतो, दोघांवर वेगवेगळं भुंकतो. पोळीचा तुकडा टाकला तर दोनदा चुकून तिसऱ्यांदा झेलतो. औषधाचे थेंब आई घालते. केस निवडते तशीच, मांडीवर घेऊन, पुटपुटत.

प्रखर उजेड नको, असं नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं. खुर्चीच्या समोर वर एक झरोका आहे. मावळतीचं ऊन त्यातून नेमकं खुर्चीवर पडतं. मी टाळीच वाजवली. सुटलेलं भिंग, हलणारं ऊन, आमचं भूत सापडलं! मी स्वतः शिडीवर चढून झरोक्याला पुठ्ठा ठोकला. अंगठाही ठोकला.

त्या संध्याकाळी खोली अंधारली होती. कुत्रा आला. टाके ओरबाडू नयेत म्हणून गळ्यात घातलेली प्लास्टिकची टोपली दाराला आपटत आत शिरला, खुर्चीसमोर थांबला. मग सावकाश वळला. चांगला डोळा आमच्याकडे, टाके घातलेली मिटलेली बाजू खुर्चीकडे. मान तिरकी झाली. शेपटीचं टोक हललं.

मान हळूहळू दाराकडे फिरत गेली. मध्ये स्विचबोर्डापाशी थांबली.

"तो डोळा त्याहिनं नेला," आई हळूच म्हणाली. "हा आपल्यासाठी ठेवला."

मी पुठ्ठ्याकडे पाहिलं. फट नव्हती. मग उठलो, स्विचबोर्डापाशी गेलो आणि पंखा बंद केला. उगाच कशाला चालू ठेवायचा?