रूट साहेबांना विनंती अर्ज

माझ्या वडिलांना स्वतःच्या नातीचा आवाज ऐकण्यासाठी स्वतःच्याच घरात लेखी परवानगी मागावी लागली, आणि ती नाकारणारा अधिकारी मी होतो.

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होतो (विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक पंखा). डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत नुकताच घरचा कॉम्प्युटर आला होता. आता चारचौघांसारखा तो गप्प वापरेन तर मी कसला! एका मासिकाबरोबर विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी फुकट मिळाली, ती मी त्यात चढवली. लिनक्समध्ये एक असतो 'रूट', म्हणजे सर्वाधिकारी. बाकी सगळे ऑर्डिनरी युजर. 'रोजची कामं रूट म्हणून कधीही करू नयेत', असं मासिकात ठळक छापलेलं. मी आईचं, बाबांचं आणि स्वतःचं अशी वेगवेगळी खाती उघडली आणि आठ दिवस घरात रुबाबात हिंडलो.

त्याच सुमारास माझ्या बहिणीची, मीनाताईची, सीडी आली. ताई मस्कतला असायची. तिचे तिथले शेजारी, मूळचे कल्याणजवळच्या मोहने गावचे एक गृहस्थ, सुट्टीवर आलेले, ते स्वतः घरी येऊन देऊन गेले. सीडीत काय होतं? दीड वर्षाच्या चिऊचा आवाज! चिऊ तिकडेच जन्मलेली, बाबांनी तिला फक्त फोटोत पाहिलेलं. फोनवर आणली की ती बोलायची नाही, नुसती रिसीव्हरमध्ये श्वास सोडायची, आणि बाबा तो श्वासच डोळे मिटून ऐकायचे. सोबत ताईची चिठ्ठी होती: 'रविवारी चार वाजता फोन करते. त्याआधी बाबांना ऐकव.'

रविवारी तीन वाजताच बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले.

"अहो, ती तुम्हाला बघणार नाहीये," आई म्हणाली.

"असू दे. पहिल्यांदा भेटतोय."

समोरच्या कर्णिक काकूही चकल्यांचा डबा घेऊन हजर झाल्या. बाबांनी एका बोटाने पासवर्ड टाकून आपलं खातं उघडलं, मी दाखवलं तिथे टिचकी मारली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली. बाबांनी ती मोठ्याने वाचली.

"परमिशन डिनाइड."

मग चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचली.

"परवानगी नाकारली?" बाबा म्हणाले. "मला? कोणी?"

बाबा ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. परवानगी नाकारणं हा त्यांचा व्यवसाय होता. उलटा अनुभव त्यांना नवीन होता!

"काही नाही हो बाबा, स्पीकर वापरायचा अधिकार फक्त रूटला आहे. तुम्ही पडलात ऑर्डिनरी युजर..."

"मी ऑर्डिनरी?"

"सगळेच असतात बाबा. मीसुद्धा!"

"तुझं ठीक आहे."

कर्णिक काकूंना चकलीचा ठसका लागला. मी घाईघाईने म्हणालो, "थांबा, मी रूट म्हणून शिरतो आणि ऐकवतो तुम्हाला. अर्ध्या मिनिटाचं काम!"

"नको."

"नको म्हणजे?"

"दुसऱ्याच्या नावावर नको. ह्याला वशिला म्हणतात. जन्मभर लावला नाही, आता नातीसाठी लावू? माझ्या नावाने, रीतसर ऐकेन. काय पद्धत आहे तुमच्याकडे?"

"अहो, पोरीचा आवाज ऐकायचाय," आई कळवळून म्हणाली, "रेशनकार्ड नाही काढायचंय!"

आणि मी, मूर्खाने, गमतीत म्हणालो, "मग करा रूट साहेबांकडे अर्ज!"

बाबांनी तत्काळ फुलस्केप घेतला. डावीकडे समास सोडला. 'मा. रूट साहेब यांच्या सेवेशी. विषय: ध्वनी ऐकण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून...' खाली सही, तारीख, 'सोबत: सीडी एक'. अर्ज माझ्या हातात देऊन म्हणाले, "पोच दे." मी पोच दिली! तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मग मात्र मी बाह्या सरसावल्या. बाबांचं खातं तसंच उघडं ठेवून त्याच मॉनिटरवर दुसरा पडदा उघडला, त्यात रूट म्हणून शिरलो, मासिक मांडीवर घेतलं. आवाज वापरणाऱ्यांचा एक गट असतो, त्यात बाबांचं नाव घालायचं, की झालं! घातलं. यादी उघडून दाखवली. बाबांनी चष्मा सारखा करून नाव तपासलं, "स्पेलिंग बरोबर आहे" असा शेरा दिला. आम्ही बाबांच्या पडद्यावर परत आलो. टिचकी मारली.

परमिशन डिनाइड!

मी नाव काढलं, पुन्हा घातलं. डिनाइड! रूटच्या पडद्यावर जाऊन स्पीकरची टुणटुण वाजवून पाहिली, तर ती छान वाजली. बाबांकडे आलो की डिनाइड! गडबडीत मी आईचंही नाव गटात घातलं आणि कर्णिक काकूंचं चक्क खातं उघडलं ("अरे, मला कशाला? माझं पोस्टात आहे!").

"बंद करून चालू कर ना रे," काकू म्हणाल्या. "आमचा टीव्ही तसाच लागतो."

मी कुत्सित हसलो. "काकू, लिनक्स असं उठसूट बंद करावं लागत नाही. तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे!" हे वाक्य आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

पावणेचार झाले. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "राहू दे सुहास. मीनाला सांगू, ऐकला म्हणून. तिला तेवढंच बरं वाटेल."

बाबा खोटं बोलायला तयार झाले होते! एवढा मोठा कॉम्प्युटरवाला मी, आणि एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या नातीचा एक शब्द ऐकवता येईना. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात आई, चकलीचा डबा बंद करता करता, म्हणाली, "अहो, तुमची शहापूरला बदली झाली तेव्हा नाही का, ऑर्डर निघाली तरी तिथे तुम्हाला कोणी खुर्चीवर बसू देईना?"

"ते वेगळं. मी ठाण्यातून रिलीव्ह झालो नव्हतो..." बाबा थांबले. ताठ बसले. "सुहास! मी ह्या खात्यात हजर किती वाजता झालो?"

"तीनला."

"आणि गटात घेतल्याची ऑर्डर?"

"साडेतीनला."

"मग मी अजून जुन्याच ऑर्डरवर बसलोय! नुसती ऑर्डर निघून चार्ज मिळत नसतो. आधी रिलीव्ह, मग जॉइन. काढ मला बाहेर!"

"बाबा, कॉम्प्युटर असा चालत नाही हो..."

"काढ म्हणतो ना!"

काढलं बाहेर. बाबांनी पुन्हा नाव टाकलं, एका बोटाने पासवर्ड टाकला, टिचकी मारली, आणि स्पीकर खरखरला! (कॉम्प्युटर अगदी तसाच चालतो. नव्या गटाचा अधिकार बाहेर पडून पुन्हा शिरल्यावरच मिळतो. मासिकाच्या पुढच्या पानावर लिहिलेलं. मी पान उलटलंच नव्हतं.)

"बोल राणी, आजोबा बोल," ताईचा आवाज आला. "आ-जो-बा!"

काहीच नाही. बाबा स्पीकरला कान लावून बसलेले. पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला. "बरं, हे बघ. हे कोण आहे?"

आणि मग बारीक, खणखणीत आवाजात चिऊ पहिल्यांदा आमच्या घरात बोलली.

"मामा!"

मी उडीच मारली! "मामा म्हणाली! बाबा, ऐकलंत? मामा! न बघता ओळखलं हो पोरीने!" मी आईला मिठी मारली, काकूंना वाकून नमस्कार केला, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आईही पदराने डोळे टिपत होती. इतक्यात स्पीकरमधून ताई खदखदून हसली.

"अगं मामा काय? नीट बघ ना चित्रात. गाढव आहे ते! बोल, गाढव!"

"मामा!" चिऊ ठामपणे म्हणाली.

फोन वाजला. बाबांनी उठून घेतला. चष्म्याखालून बोट फिरवून डोळे पुसत म्हणाले, "ऐकला गं मीना, ऐकला! पण तू तिला उगाच दुरुस्त करू नकोस. पोरीने बरोबर ओळखलंय!"