कपाटातली कवळी आणि फ्रिजवरचा जावई

वायरकाका, वय वर्षे एकाहत्तर, पैकी अडतीस वर्षे कॅमेरे बसवण्यात वेचलेली. आईवडिलांनी ठेवलेले नाव आता केवळ निवृत्तीच्या मानपत्रावर उरले होते. त्यांच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, छताखाली, त्यांनी स्वहस्ते लावलेला कॅमेरा होता. त्याची वायर भिंतीवरून रेषेसारखी सरळ लोखंडी कपाटात जाई. चित्रण साठवणारा रेकॉर्डर आणि ते पाहण्याचा पडदा, दोन्ही त्या कपाटात, कुलपाआड. घरातले घरातच राहावे, हे काकांचे तत्त्व.

जावई मात्र क्लाउड कॅमेरे विकणारा. त्याने दिलेला अंड्याएवढा कॅमेरा काकांनी नाइलाजाने दिवाणखान्यातल्याच फ्रिजवर बसवला होता. रेकॉर्डर नाही, चित्रण इंटरनेटवरून परक्याच्या गोदामात. ज्याला वायरीचे शेपूट नाही तो कॅमेराच नव्हे, असे ते चारचौघांत, जावयादेखत म्हणत.

एके दुपारी तीन वाजता कपाटाची किल्ली सापडेना. आत काकूंची नवी कवळी होती. मौल्यवान वस्तू म्हणून काकांनीच ती रेकॉर्डरशेजारी ठेवलेली. चार वाजता काकूंना जुन्या विद्यार्थ्यांपुढे भाषण करायचे होते. विषय, स्पष्ट उच्चार.

कुलूपवाल्याने पाच वाजताची वेळ दिली. काकांनी गाद्या उलथल्या, डबे पालथे घातले. मग त्यांनी काकूंना धीर दिला, की किल्ली कुणी कुठे ठेवली हे आपल्या रेकॉर्डरने बिनचूक टिपले असणार. फक्त कपाट उघडायचा अवकाश.

काकूंनी ओठ घट्ट मिटून वहीवर लिहिले, 'जावयांना विचारा.' काका घुटमळले. काकूंनी खाली दोन रेघा मारल्या.

फोन लावायचा तर मुलीला कळणार, म्हणून काका फ्रिजसमोर जाऊन ताठ उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू, आहात का?"

"आहे ना, बाबा," फ्रिजवरून आवाज आला. "मघापासून बघतोय. गाद्या का उलथताय?"

काकांनी तक्रार अर्ज वाचावा तशी हकीकत सांगितली. जावयाने सकाळचे चित्रण चाळले. मग फ्रिजवर बराच वेळ नुसतेच खुसखुसणे चालले.

"बाबा, अकरा वाजता तुम्ही स्टुलावर चढून तुमच्या कॅमेऱ्याची काच पुसत होतात. किल्ली दातांत होती. काचेवर फुंकर मारायची म्हणून ती काढून ठेवलीत."

"कुठे?"

"त्याच्याच डोक्यावर. त्याला सगळं घर दिसतं हो, तेवढंच दिसत नाही."

काकू चार वाजायला दोन मिनिटे असताना कवळीसह सभेत पोचल्या आणि 'स्पष्टता' हा शब्द तीनदा ठणठणीत उच्चारून आल्या. घरात दोन्ही कॅमेरे राहतील, मात्र कवळी कपाटात जाणार नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. जावयापाशी आपली चूकभूल लेखी मान्य करण्याचे काकांनी कबूल केले आहे. पत्र 'आपल्या कॅमेऱ्याची उपयुक्तता मान्य आहे, तथापि' येथपर्यंत आले असून, पुढचा मजकूर अद्याप देणे आहे.