हप्त्याची खोली

घर बांधताना वरची खोली आम्ही आमच्यासाठी काढली होती. पुढे नवऱ्याची सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतली नोकरी गेली आणि ती खोली हप्त्याची झाली. घराचं कर्ज कुणाच्या बापासाठी थांबत नाही. नाशिकहून इथल्या कॉलेजात शिकवायला आलेली एक मुलगी ठेवून घेतली, जेवणखाण धरून. तिचं भाडं आलं की तसंच बँकेत जायचं. ते चुकलं असतं तर घर गेलं असतं, एवढा साधा हिशोब.

पोरगी लई गुणाची. मला काकू म्हणायची, सासूबाईंना आजी. तक्रार एकच, पाण्याची. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो हे तिला काही केल्या पटेना. "काकू, रोज का नाही येत?" अगं बाई, ते मला ठाऊक असतं तर मी नगरसेविका नसते का झाले!

एकदा तिचे आईवडील यायचे होते. पोरीला भेटायला म्हणायचं, खरं तर आम्हाला पारखायला. नेमका नळाचा दिवस. मी सकाळी भाजीला गेले आणि मागे सासूबाईंनी सोलापुरातल्या बायका करतात तेच केलं. ताजं पाणी येणार म्हणून शिळं ओतून टाकलं. घागरी, पिंप तर झालेच, वरची टाकीही घासायला म्हणून रिकामी केली. मी परतले तर अंगणातून पाणी गटारात चाललेलं.

"अहो आई, हे काय करून बसलात?"

"पाव्हण्यास्नी शिळं पानी देऊ व्हय? आत्ता येतंय की नळ!"

कुठला येतोय! मोठी पाइपलाइन फुटली होती.

पाहुणे आले तेव्हा शेजारणीने दिलेली एक कळशी होती, ती पिण्यातच संपली. रात्रभर प्रवास करून आलेली माणसं आणि संडासात बादलीभर पाणी नाही. शरमेने मेल्यागत झालं. मुलीची आई सरळ वर जाऊन पोरीचे कपडे भरायला लागली. शिव्या घातल्या असत्या तर मीही दोन सुनावल्या असत्या. संध्याकाळी मुलीच्या बॅगा खाली आल्या. ती रडली, सासूबाई रडल्या. माझ्या डोळ्यांपुढे हप्ता होता, मला रडू आलं नाही.

मग खोलीला कुणी मिळेना. हप्ते थकले, बँकेचा माणूस दारात येऊन चारचौघांत बोलून गेला. शेवटी घर वाचवायला अख्खं घरच भाड्याने दिलं आणि आम्ही तिघं दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहायला आलो. सासूबाई आता तहान लागली तरी पाणी मागत नाहीत. "आई, तुमची काय चूक?" असं मी म्हणते. तोंडाने म्हणते. मनातला राग जात नाही, काय करू?

परवा घराचं भाडं आलं नाही म्हणून मागायला गेले. सवयीने फाटकाची कडी काढली, चपला कोपऱ्यात सोडल्या आणि सरळ आत पाय टाकला. स्वयंपाकघरातून कुणी अनोळखी बाई पदराला हात पुसत बाहेर आली. भाडेकरूंची पाहुणी असावी.

"कोण पाहिजे तुम्हाला?"

"कुणी नाही," म्हटलं आणि चपला घालून बाहेर आले.