बकुळचं नाव कोणी लिहिलं?

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी आजवर निव्वळ टाइमपास म्हणून वाचत आलोय. कोणाला जिन्यात पावलं ऐकू आली की मी मनात म्हणायचो, बाबा रे, हीटिंगचा पाइप वाजत असेल. कोणाला गेलेली आत्या दिसली की म्हणायचो, झोप पूर्ण कर आधी. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जो बग परत घडवून दाखवता येत नाही तो बगच नाही, असं ज्युनियर पोरांना दरडावून सांगणारा मी माणूस. तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. मीही हसलो असतो...

नावं बदलली आहेत. मला मंदार म्हणा, बायकोला शर्वरी. मी नागपूरचा, ती सांगलीची. ओहायोत डब्लिनला राहतो, नऊ वर्षं झाली.

इथे आलो तेव्हा आमच्याकडे एक सेकंडहँड गाडी होती आणि रिकामे वीकेंड. आउटलेट मॉल झाले, मंदिरं झाली, मग शर्वरीला पायचं वेड लागलं. ॲपल पाय, चेरी पाय, तो पाय. पण दुकानातल्या खोक्यातला नाही हं! लहान लहान गावांत एखादी बाई पहाटे उठून स्वतः कणीक मळून भाजते, तसला. त्यासाठी आम्ही दोन-दोन तास ड्राइव्ह करायचो. इंडियानातला शुगर क्रीम पाय, म्हणजे बासुंदी आटवून खुसखुशीत पोळीत ओतावी तसा. आंबट चेरीचा. रुबार्ब नावाच्या आंबट देठांचा, जो मला कधीच आवडला नाही. शर्वरीचा नियम होता की दुपारी दोनला ‘पाय संपले’ अशी पाटी लागत असेल तरच ते दुकान खरं.

पहिल्या वर्षी आम्ही सगळीकडे “मीट नाही ना?” असं विचारून बिनधास्त खायचो. सहा महिन्यांनी दुकानातल्या एका बाईने सहज सांगितलं की जुन्या पद्धतीचं कवच लार्डमध्ये करतात. लार्ड म्हणजे डुकराची चरबी! शर्वरी पक्की शाकाहारी. मला वाटलं, आता ही रडते. तर ती पार्किंग लॉटमध्ये पोट धरून हसत सुटली. “आईला कळलं तर मला गोमूत्राने आंघोळ घालेल,” म्हणाली. त्यानंतर ऑर्डर देण्याआधी तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, बटर की लार्ड?

ती हसणारी शर्वरी मला चार वर्षांपूर्वीपर्यंत माहीत होती.

चार वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात आमची मुलगी पोटातच गेली. यावर जास्त लिहवत नाही. एवढंच सांगतो, की दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधल्या बाईने एक फॉर्म आणून दिला. त्यात बाळाच्या नावाची जागा होती. द्यायचं तर द्या, नाहीतर राहू द्या, असं ती फार मायेने म्हणाली. शर्वरी औषधांच्या गुंगीत होती. मी नागपूरला आईला फोन लावला. आई बिचारी रडत होती. “बारसं झालं नाही रे राजा. अशा लेकराला नाव देत नसतात. जीव अडकून राहतो तिचा.” माझं डोकंच चालत नव्हतं. मी ‘बेबी गर्ल’ आणि आडनाव लिहून सही करून टाकली.

शर्वरीने तो कागद आठवड्याने पाहिला. “मला उठवायचं होतंस,” एवढंच म्हणाली. तिच्या मनात नाव ठरलेलं होतं. मी विचारलं, कोणतं? “आता काय उपयोग?” त्यानंतर ना तिने सांगितलं, ना मी परत विचारलं. घरात आम्ही दूध संपलं, कचऱ्याचा दिवस आहे, एवढंच बोलायला लागलो. पाय-बिय तर बंदच झालं.

या सप्टेंबरमध्ये तिला कंपनीने टेक्ससला, प्लेनोला बदली देऊ केली. ती म्हणाली, “मी एकटी जाते आधी. पुढचं पुढे बघू.” पुढचं काय ते दोघांनाही कळत होतं. कसं सुचलं देव जाणे, मी म्हटलं, जायच्या आधी एक पाय ट्रिप करूया? आणि ती चक्क हो म्हणाली. दुकान तिनेच शोधलं. आम्ही दोघंही तिथे कधी गेलो नव्हतो.

ऑक्टोबरचा शनिवार. हायवे ७१ वरून ३६ धरला, माउंट व्हर्नन सोडलं, मग बारीक रस्ते, कापलेला मका, अधूनमधून मोटार न वापरणाऱ्या आमिश लोकांच्या घोडागाड्या. साडेअकराला पोचलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, त्या बाईला त्रास नको. पांढरं लाकडी घर, सहा टेबलं, काचेच्या कपाटात पाय. आणि एका अख्ख्या भिंतीवर कागदी प्लेटा टाचलेल्या. जे मूल अख्खा तुकडा संपवेल त्याचं नाव प्लेटवर लिहून भिंतीवर लावायचं, अशी तिथली पद्धत.

शर्वरी वॉशरूमला गेली. मी काउंटरला गेलो. मालकीण सत्तरीची असेल, तिला रूथ म्हणू. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओळखीचं हसली.

“आज छोटीला नाही आणलंस?” तिचं बोलणं मी मराठीत देतोय.

मी म्हटलं, “मी पहिल्यांदाच येतोय.”

“काहीतरीच! दोन शनिवारांपूर्वी तर त्या खिडकीशी बसला होतात. तिने वरचं कवच तेवढं खाल्लं, आतलं सगळं तू संपवलंस. आणि वर मला म्हणालास, तिने संपवलं असंच समजा.” ती हसत होती. “मी म्हटलं चालेल. तिला लिहिता येत नाही म्हणून नाव तूच लिहिलंस. तुमची ती अक्षरं, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी.”

मला रागच आला, खरं सांगतो. या गोऱ्यांना आपण भारतीय सगळे सारखेच दिसतो, दुसरं काय! तरी भिंतीपाशी गेलो.

खालून दुसऱ्या ओळीत, जांभळ्या क्रेयॉनने, देवनागरीत लिहिलं होतं... बकुळ.

त्या नावाने मला काहीच आठवलं नाही. पण अक्षर माझं होतं. मी ळ खालून वर काढतो, त्याच्या दोन्ही गाठी उघड्या राहतात. शाळेत बाई म्हणायच्या, हा ळ आहे की मोडका चष्मा? तो मोडका चष्मा माझ्यासमोर होता. वरची रेघ शेवटाला उडालेली, तीही माझीच.

मागून कोणीतरी माझं कोपर घट्ट धरलं. शर्वरी होती. पांढरीफटक पडली होती.

“हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. “आईलाही नाही. शाळेच्या वाटेवर झाड होतं आमच्या... ते फक्त माझ्या डोक्यात होतं.”

तेव्हा मला कळलं की हे कोणाचं नाव आहे. अरे बाप्पा...

ती माझ्याकडे बघत होती. माझं अक्षर ती रोज फ्रिजवरच्या यादीत वाचते. “दोन आठवड्यांपूर्वी मी शिकागोला मैत्रिणीकडे गेले होते, डेव्हन स्ट्रीटवर साड्या बघायला, तेव्हा आलास ना इथे? एकटा?” तिचे डोळे भरले. “म्हणून ट्रिपचं काढलंस ना? आणि मी नेमकं हेच दुकान शोधलं तरी कळू दिलं नाहीस? मंदार, सांग ना. तू लिहिलंस ना?”

मला वाटलं होतं ती चिडेल. पण तिचा आवाज चिडलेला नव्हता. ती विनवत होती. चार वर्षं ज्या माणसाने लेकीचं नाव लिहिलं नाही, त्याने ते कुठेतरी लिहावं, एवढंच तिला हवं होतं.

मी म्हटलं, “हो.”

“नाव कसं कळलं?”

“झोपेत बोलायचीस.” धडधडीत खोटं.

तिथे, सगळ्यांसमोर, ती माझ्या गळ्यात पडून रडली. चार वर्षांचं रडली. रूथ नॅपकिन घेऊन धावत आली. ती काही बोलेल या भीतीने मी तिला डोळ्यांनी खुणावलं. तिला काय समजलं कोणास ठाऊक, पण नॅपकिन टेबलावर ठेवून ती काउंटरमागे गेली. मग शर्वरीने नाक पुसलं आणि विचारलं, “बटर की लार्ड?” बटर होतं. तिने दोन तुकडे खाल्ले.

प्लेनोला आता आम्ही दोघं चाललोय. मी ऑफिसात रिमोट काम मागून घेतलं, घर विकायला काढलं. ती परत हसते, भांडते, मला गाढव म्हणते. बकुळबद्दल बोलते, नाव घेऊन.

आणि मी? मी टेस्टरगिरी केली. त्या शनिवारचं फोनचं लोकेशन बघितलं, दिवसभर घरी. मी तर अंगणातली पानं गोळा करत होतो, पाठ धरली होती माझी. प्लेटचा फोटो जुन्या वह्यांशी ताडून बघितला. ळ तोच. दुसरं एखादं मराठी कुटुंब? असेलही. बाप माझ्यासारखा दिसणारा, अक्षर माझ्यासारखं, मुलगी बकुळ... पटतंय तुम्हाला? मला पटवून घ्यायचंय हो, पण पटत नाही.

शेवटी एक दिवस सुट्टी टाकून एकटाच परत गेलो. शर्वरीला ऑफिसचं सांगितलं. प्लेट जागेवर होती. रूथ म्हणाली, “छोटी शाळेत वाटतं?” मी कॉफी घेतली आणि विचारलंच. कशी दिसते ती?

रूथचं हसू गेलं. “स्वतःच्या मुलीबद्दल मला विचारतोयस?”

ती काउंटरच्या मागे दोन पावलं सरकली. घाबरली होती मला. मी सॉरी म्हणून बाहेर आलो आणि गाडीत बसलो.

याचं उत्तर कोणाकडे असेल तर सांगा, पण हीटिंगच्या पाइपचं आणि झोपेचं सांगू नका, ते माझं मीच सांगून झालंय. शर्वरीला खरं सांगायची माझी हिंमत नाही. ज्याने ते नाव लिहिलं तो मी नव्हतो. तो जो कोणी होता, त्याचे आभार मानू की त्याचा हेवा करू, कळत नाही.

हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी नर्सने मला विचारलं होतं, बाळाला बघायचंय का? शर्वरीने बघितलं, छातीशी धरलं. मी नको म्हटलं. भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

त्या गावातल्या परक्या बाईला माझी मुलगी कशी दिसते ते माहीत आहे. मला माहीत नाही.