मोठी माय कॅमेऱ्याकडे बघते तेव्हा

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. घरी हॉलमध्ये बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे, आणि अंगात येणं, करणी, लिंबू-मिरची असला विषय निघाला की स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठा आवाज माझाच असतो. या सदरातले अनुभवही मी आजवर हसण्यासाठीच वाचायचे... रागावू नका, पण खोटं कशाला बोलू? त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसले तर थोडं ओशाळल्यासारखं होतंय. घाबरण्यासारखं यात काही नाही. उलट त्या दिवसापासून आमच्या घरी सगळ्यांना जरा बरं वाटतंय. फक्त ते घडलं कसं, हे मला सांगता येत नाही.

माझं माहेर अमडापूरचं, तालुका चिखली. लग्न होऊन मी बुलढाण्यात आले. वडील नोकरीमुळे कायम बाहेर, पण आमच्या सुट्ट्या, बुद्धपौर्णिमा आणि माझं लग्नसुद्धा अमडापूरच्या घरीच झालं. तिथे माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आणि त्यांची बायको, आमची मोठी माय. मोठी माय गेल्या वर्षी गेली. झोपेतच गेली, कुणाला काही त्रास न देता.

तर ही मोठी माय फोटोत कधीच तोंड दाखवायची नाही. कॅमेरा दिसला रे दिसला की पदर तोंडावर आणि मान पलीकडे. एरवीही हसताना पदर तोंडाशी असायचाच, पण फोटोच्या वेळी ती जे गर्रकन फिरायची, त्याला तोड नव्हती. तिचा मुलगा प्रशांत म्हणायचा, ‘मायचा फोटो काढनं म्हंजे मुंगसाचा फोटो काढनं.’ आमच्या घरातल्या फोटोंत तिचा अंबाडा आहे, कोपर आहे, पोह्यांची ताटली धरलेला हात आहे... चेहरा नाही.

चेहऱ्याचा एकच फोटो, आधार कार्डावरचा. आता आधारवर कुणाचाच फोटो धड येत नाही म्हणा, पण तिचा म्हणजे कहर होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळे वटारलेले, जणू पोलिसांनीच उभी केली आहे. ती गेली तेव्हा घाईत प्रशांतनं तोच मोठा करून आणला. मोठ्या बाबांनी एकदा पाहिला आणि फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. “हे कोन हाय बे? माही बायको हाय का हे?”

पहिला स्मृतिदिन जवळ आला तसा त्यांचा मला फोन आला. “बाई, तुले कॉम्प्युटरातलं समजते. आपल्या साऱ्याइच्या फोनात पाह्य ना. येखांदा तरी फोटो असन तिचा.”

मी म्हटलं, बघते, सुट्टीत निवांत बघते.

“निवांत नको पाहू,” ते म्हणाले. “मले तिचं तोंड आठवूनच नाही राह्यलं. आवाज येते. पन तोंड आठवाले गेलं का थे आधारवालीच समोर येऊन राह्यली. खरी कशी होती, थे पुसूनच चाललं.”

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग डोळे पुसले आणि कामाला लागले. मला असं काम आवडतं, हे माझ्या नवऱ्याला विचारा. आमच्या घरी डाळींच्या डब्यांनाही लेबलं आहेत. खानदानातल्या सगळ्यांकडून फोन, मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह गोळा केले आणि सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवलं. वर्ष, महिना, प्रसंग असे फोल्डर केले. अहो, काय काय निघालं त्यातून! गुड मॉर्निंगचे गुलाब, चुकून दाबले गेलेले खिशातले काळे फोटो, लोकांच्या अंगठ्यांचे फोटो. प्रशांतच्या फोनमध्ये स्वतःच्या मायपेक्षा ट्रॅक्टरचे फोटो जास्त. डुप्लिकेट काढून टाकले, उरलेल्यांना नावं दिली. ‘मोठी माय’ नावाचा वेगळा फोल्डर केला आणि त्यात भरत गेले... अंबाडा, कोपर, पाठ, अंबाडा.

शेवटी राहिली माझ्या लग्नाची डीव्हीडी. ती अमडापूरच्या कपाटात होती. हल्लीच्या लॅपटॉपला डीव्हीडीची खाच नसते, म्हणून शाळेतला जुना लॅपटॉप घेऊन मी रविवारी तिकडे गेले. दुपारची जेवणं झाली होती. मोठे बाबा बाहेर बाजेवर पडले होते आणि मी आत बैठकीत डीव्हीडीवरचे फोटो कॉपी करत होते.

माझ्या डोक्यावर, भिंतीवर, त्याच लग्नातला एक फोटो लग्नापासून लटकलेला आहे. मंगल गाथा संपली आहे, सगळे आमच्या दोघांवर फुलांच्या पाकळ्या टाकताहेत, आणि माझ्या मागे मोठी माय... मान फिरवलेली, पदर तोंडावर. तो फोटो मी इतक्यांदा पाहिलाय की डोळे मिटून चित्र काढून देईन.

स्क्रीनवर तोच फोटो आला. आणि मोठी माय सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती.

पदर खांद्यावर. तोंड उघडून, मोकळं हसत होती.

मी वर भिंतीकडे पाहिलं. परत स्क्रीनकडे. मला वाटलं, हा पुढच्या क्षणाचा दुसरा फोटो असेल. म्हणून स्टुलावर चढून भिंतीवरची फ्रेमच खाली काढली आणि लॅपटॉपशेजारी ठेवून ताडून पाहिलं. एक पाकळी माझ्या नवऱ्याच्या चष्म्यावर अडकलेली. एक बौद्धाचार्यांच्या खांद्याच्या वर, हवेत. कडेच्या बाईचा अर्धा मिटलेला डोळा. सगळं जिथल्या तिथे. हवेतली पाकळी दोन वेगळ्या क्षणांत त्याच जागी राहत नाही, एवढं शिकवायचाच तर मला पगार मिळतो. बदललेली होती फक्त मोठी माय.

भीती वाटली नाही, खरंच नाही. तिचं हसूच इतकं छान होतं की आपणही हसावं.

“मोठे बाबा, जरा आत या,” मी हाक मारली.

त्यांनी चष्मा लावला आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. मग बोट स्क्रीनवर टेकवलं, तिच्या ओठांच्या कोपऱ्याशी. तिथला वरचा दात अर्धा तुटलेला होता.

“हा पाह्य,” ते म्हणाले. “हा दात.”

“तिचा दात तुटलेला होता? मला कधी दिसलाच नाही!”

“कोनालेच नाही दिसला. लगन होऊन साल झालं होतं. वावरात बोरं खात बसलो होतो. म्या पैज लावली, बोराचं बी दातानं फोडून दाखव. तिनं फोडलं. दात बी फुटला. अन् हसली किती थे! तवापासून लोकाइपुढं हसली का पदर, फोटोवाला दिसला का पदर. म्या किती डाव म्हनलं, चांगली दिसतं तू, काऊन लपवतं? पन नाही.” मग ते हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. “हेच होय पोरी. हेच तोंड मले आठवून नाही राह्यलं होतं.”

मीही रडले. भरपूर रडले, आणि मन इतकं हलकं झालं की काय सांगू.

डोळे कोरडे झाल्यावर अर्थात माझ्यातली मास्तरीण जागी झाली. पहिला संशय प्रशांतवर. आजकाल एआयनं काय वाट्टेल ते करता येतं. तो शेतातून आला तसा त्याला धरलाच.

“तायडे, मले साधा स्टेटस ठेवता येत नाही धड,” तो म्हणाला. “अन् तिच्या दाताचं मले तरी कुठं माहीत होतं?”

खरंच होतं त्याचं. ज्या दाताची पोटच्या पोराला खबर नाही, त्याची एआयला कुठून असणार? शिवाय मी फोटो उघडला होता थेट डीव्हीडीवरून, आणि ती लग्नाच्या वेळी एकदाच लिहिली गेली होती. तसल्या डीव्हीडीत नंतर काही बदलता येत नाही. चिखलीच्या फोटोग्राफरलाही भेटले. त्याच्याकडच्या जुन्या प्रिंटमध्ये मोठी माय तोंड फिरवूनच उभी. “मॅडम, पाकळ्यांचा हा एकच क्लिक होता,” तो म्हणाला, “पुढचे-मागचे नंबर पाहा ना, सलग आहेत.” पाहिले. सलग होते.

स्मृतिदिनाला तोच फोटो फ्रेम करून बुद्धमूर्तीच्या बाजूला ठेवला, समोर मेणबत्त्या लावल्या. भिंतीवरचा जुना फोटोही परत जागेवर लावला होता. त्यात ती अजून तशीच, पदराआड. वंदना झाल्यावर लोक एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. कुणी विचारलं की मोठे बाबा म्हणत, “जेवन करून घ्या आधी.” त्या दिवशी ते स्वतःही पोटभर जेवले. वर्षभरात मी त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं.

त्या फोटोच्या मी ठिकठिकाणी कॉप्या करून ठेवल्यात. दोन हार्ड डिस्कवर, क्लाउडवर आणि प्रशांतकडे पेन ड्राइव्हवर. अधूनमधून फाइल नीट आहे ना म्हणून उघडते, तेव्हा दर वेळी मनात येतं... तिनं परत मान फिरवली असेल तर? अजून तरी फिरवलेली नाही.

मला याचा उलगडा होत नाही, आणि हे कबूल करणं माझ्यासारखीला सोपं नाही. माझी एक मैत्रीण पुण्यात डिजिटल फोटोंच्या तपासणीचं काम करते. डीव्हीडी तिच्याकडे पाठवायची म्हणून मी कपाटातून काढली, तर मोठ्या बाबांनी ती माझ्या हातातून घेतली.

“राहू दे बाई. एवढ्या सालानं लाज सोडली तिनं. आता चार लोकाइत तिची चर्चा करत बसली, तं लाजून पुन्हा फिरवन तोंड.”

म्हणूनच, हे लिहिताना मी तिचं नाव कुठेही येऊ दिलेलं नाही.