सबातिनोच्या चकत्या

डोंगराच्या पोटातल्या आमच्या प्रयोगशाळेत सबातिनो तीस वर्षं चकत्या बनवत होता. नाण्याएवढी धातूची चकती आणि तिच्यावर ऑक्सिजन मुरवलेला, डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ थर. यंत्रातून हायड्रोजनचे कण त्या थरावर आदळायचे. तारा फुटताना आत जे होतं, ते इथं महिन्यातून चार-पाचदा टिपता आलं तरी नशीब, म्हणून शास्त्रज्ञ डोळ्यांत तेल घालून बसायचे. मी पंप सांभाळणारा माणूस. पण त्या सगळ्यांपेक्षा सबातिनोचे हात मला जास्त शहाणे वाटायचे.

त्या वर्षी जिनेव्रा नावाची पोर आली. करार दोन वर्षांचा. काही सापडलं तर पुढची नोकरी, नाहीतर घरी. सबातिनो तिला आपल्या डब्यातलं मेंढीचं चीज आणि पाव द्यायचा. करार संपत आला, तेव्हा कुठं चार महिन्यांच्या मोजणीत आलेखावर हवी तिथंच खूण दिसली.

"काका, सापडलं! तुमच्या चकत्यांनी तारलं मला!" तिनं त्याला मिठीच मारली.

सबातिनो हसला नाही. त्यानं मला बाजूला घेतलं.

"चिमट्यानं चकत्यांवर ओरखडे पडत होते रे. म्हणून या खेपेला टोकांना टेप गुंडाळली मी. नळाच्या आट्यांना लावतात ना, ती पांढरी. तेव्हा डोक्यातच आलं नाही."

त्या टेपमध्ये फ्लोरिन असतं. त्याचा कणभर अंश चकतीला लागला, की अगदी अशीच खोटी खूण उमटते, हे आमच्याकडं झाडूवाल्यालाही ठाऊक.

"गप्प बस," मी म्हटलं. "कोण विचारतंय तुला? पोरीचं भलं होतंय."

"आणि माझा मळ लोकांनी तारा म्हणून वाचायचा?"

त्यानं सांगून टाकलं. तपासणीत खूण टेपचीच निघाली. चार महिने पाण्यात गेले. त्याला कोणी चकार शब्द बोललं नाही. बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं. जिनेव्राचा करार संपला आणि ती तूरिनला विम्याच्या कचेरीत चिकटली.

सबातिनो निवृत्त झाला, त्या निरोपाच्या दिवशी तिचा फोन आला. मी शेजारीच होतो.

"काका, राग नाही तुमच्यावर. पण तुम्ही बोलला नसतात, तर मी आज तिथं असते."

"हो गं," एवढंच तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "पुन्हा तशी वेळ आली तर?"

"गप्प बसेन," सबातिनो म्हणाला, आणि सगळ्यांदेखत रडायला लागला.